भावाचा ट्रस्ट आणि काकांचं अध्यक्षपद

आई गेल्यावर बाबांना एकच घोर लागला: आपल्यामागं माझ्या भावाचं काय होणार? भाऊ पंचविशी उलटलेला, उंचापुरा, पण बुद्धीनं पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा. त्याला अंघोळ घालावी लागे, मासळीचे काटे काढून द्यावे लागत. मी त्याची थोरली बहीण, लग्न होऊन नांदगावला गेलेली. आमच्या नातेवाइकांचं मात्र या प्रश्नावर फार वर्षांपासून एकमत होतं. देव बघेल, असं ते म्हणत.

मग आमच्या गावाला, देवबागला, पर्यटक यायला लागले. खाडी आणि समुद्राच्या मधली आमची वाळू, जिच्यात माडांशिवाय काही धरत नव्हतं, तिला भाव आला. आपली मासेमारीची होडी विकून बाबांनी दोन खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास भाऊ एकाएकी सगळ्यांचा लाडका झाला. लग्नकार्यात ज्यांनी त्याला कायम मागच्या पडवीत बसवलं होतं, ते आता त्याच्यासाठी जत्रेतलं गुळाचं खाजं आणू लागले. त्याला खाजं आवडायचं, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

बाबांना एका वकिलांनी ट्रस्टची वाट दाखवली. घर-जागा ट्रस्टकडे द्यायची, उत्पन्न फक्त मुलासाठी वापरायचं, आणि देखरेखीला दोन-तीन विश्वस्त नेमायचे. मुलाच्या हयातीत जागा विकता येणार नाही, असं दस्तातच लिहायचं. बाबांना ते पटलं. चूक एवढीच झाली की घरी येऊन त्यांनी 'ट्रस्ट' हा शब्द मोठ्यानं उच्चारला.

पुढच्याच रविवारी धाकटे काका कसालहून सात-आठ नातेवाइकांना घेऊन आले. काकांचं हायवेला दुकान होतं, पण त्यांचा खरा व्यवसाय अध्यक्ष होण्याचा. जत्रेच्या समितीपासून भजनी मंडळापर्यंत कुठं खुर्ची रिकामी दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडं वळत. ट्रस्ट म्हणजे आणखी एक मंडळ, अशी त्यांची समजूत झाली होती आणि ती दूर करणं कुणालाच जमलं नाही. कार्यालयीन मराठीत त्यांनी विषय मांडायला सुरुवात केली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार. ट्रस्टला आजोबांचं नाव. हायवेवरून दिसेल असा फलक, जरी हायवे आमच्यापासून चांगला दहा-बारा कोस लांब होता. एकानं रबरी शिक्क्याची सूचना केली, तिला लगेच अनुमोदन मिळालं. लग्न झालेली मुलगी परक्या घरची, तेव्हा तिला यात घेऊ नये, असंही सर्वानुमते ठरलं. काही दिवसांसाठी माहेरी आलेली मी त्या वेळी सर्वांना चहा देत होते.

एवढ्यात भाऊ आत आला आणि बशीतल्या बिस्किटांकडे हात करून उभा राहिला. काका त्याला म्हणाले, "बाहेर बस रे, तुझ्याच ट्रस्टाची मिटिंग चालली आसा."

बाबांनी बशी उचलून भावाच्या हातात दिली.

"अध्यक्ष कोण ता मागीर बघया," ते म्हणाले. "ह्येका आंघोळ कोण घालतलो, ता आधी सांगा."

मग एकाला शेवटची एसटी आठवली. दुसऱ्याची कंबर दुखायला लागली. बाबांनी आपली अट सांगितली: ज्याला विश्वस्त व्हायचंय, त्यानं भावाला आधी आठवडाभर घरी नेऊन ठेवायचं. माघार घेणं काकांना शोभलं नसतं. ते भावाला कसालला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा दारात उभी राहिली. काका भावाला उतरवून आत न येताच म्हणाले, "तेका दर्याची आठवण येता. माका बघवत नाय."

बाबांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हरल्यासारखं बसलेलं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काकी एकट्याच आल्या. काकांच्या त्या सगळ्या मंडळांत काकींना चहाच्या पलीकडे कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही. पदर खोचून त्या थेट माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या.

"पोरगो पोटभर जेवलो, बरो झोपलो," त्या म्हणाल्या. "कटाळलो तो नाय गो, हे कटाळले. माझा नाव घाल कागदावर."

मी विचारलं, काका काय म्हणतील?

"तेंका मी सांगतंय मागीर."

दस्त झाला. विश्वस्त म्हणून बाबा, मी आणि काकी. नोंदणीच्या कचेरीत फोटो काढताना भाऊही कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला आणि उठेना. त्याच्या फोटोची गरज नाही, असं कारकुनानं नियम दाखवून समजावलं, मग वैतागून त्याचाही एक काढला. भाऊ समाधानानं उठला.

काही वर्षांनी बाबा गेले. बारावा दिवस होतो न होतो, तोच काका एका हॉटेलवाल्याला जागा दाखवायला घेऊन आले. काकींनी दोघांना सोलकढी दिली आणि भावाकडे बोट दाखवून सांगितलं, "जागा त्येची आसा. माका विकूचो अधिकार नाय, तुमका तर नायच नाय." हॉटेलवाल्यानं सोलकढी संपवली आणि नमस्कार करून गेला.

आता काकी बहुतेक देवबागलाच असतात. पाहुण्यांच्या खोल्या बघतात, भावाचं सगळं करतात. सुट्टीला मी जाते. काका रविवारी दुकान बंद ठेवून जेवायला देवबागला येतात, आणि जेवताना पर्यटकांना सांगतात की ट्रस्टची मूळ कल्पना त्यांचीच. भाऊ शेजारी बसून जेवत असतो. काकी त्याच्या ताटातल्या सुरमईचे काटे काढत असतात.