आमच्या दारावरचा डहाळा

आमच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला, त्या दिवशी घरातली सगळी माणसं ठणठणीत होती.

(आजच्या पोरांना यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगतो. त्या काळी ज्या घरात देवीचा आजार यायचा, त्या दारावर कडुनिंब लावायचा. आजार म्हणायचं नाही हं, ‘माय आली’ म्हणायचं! डहाळा दिसला की परका माणूस उंबरा ओलांडायचा नाही. मला नेमकं तेवढंच हवं होतं.)

मी तेव्हा नंदुरबारजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. एकट्या मास्तरची शाळा. हेडमास्तर मीच, शिपाई मीच, घंटा बडवणाराही मीच. त्या थंडीत शेजारच्या धानोऱ्याकडून देवीची बातमी आली आणि पाठोपाठ तालुक्याचा हुकूम आला: देवी टोचणारे साहेब गावात येतील, मास्तरांनी लोकांची समजूत घालून पोरं हजर ठेवावीत. समजूत घालायला सांगितल्यावर मी मागे हटतो होय! शाळेच्या ओट्यावर चढून मी असं काही भाषण ठोकलं की समोरचे बैलसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागले.

“टोचायला काय भ्यायचं? मुंगी चावते, तेवढंच दुखतं!”

पुढे सखूआजी बसली होती. ती आमची शेजारीण, आणि देवीच्या बाबतीत अख्ख्या गावात तिचा शब्द शेवटचा. तिनं तंबाखू चोळता चोळता विचारलं, “मास्तर, तुन्ही पोर टोचेल शे का?”

“म्हणजे काय! मामाकडे नवापूरला गेली होती, तेव्हाच टोचली!”

हे साफ खोटं होतं. आमच्या सुभीला टोचलेलं नव्हतं. सात वर्षांची पोर, दुसरीत, आणि दंड कोरा! मलाही कुठं टोचलं होतं? लहानपणी टोचणारा गावात आला की माझी आई मला धान्याच्या कणगीत उतरवायची आणि वर सूप झाकायची. पुढे मोठा झालो, कणगीत मावेना, पण भीती काही गेली नाही. पायातला काटा काढताना पाहिलं तरी मला घेरी यायची.

सुभीचं मात्र कारण वेगळं होतं. तिच्याआधी आम्हाला एक मुलगा झाला होता. दोन वर्षांचा होऊन तापात गेला. टोचल्यावर पोरांना ताप येतो, हे मला माहीत होतं. तो ताप उतरतो, हे मी लोकांना ओरडून सांगत होतो, पण माझ्या मनाला ते पटत नव्हतं.

सुभीची आई म्हणायची, “तापले भ्यातस आन् देवीले भ्यात नही?”

भीत होतो ना! देवीलाही तितकाच भीत होतो! सुभीला रोज शाळेत तर न्यायलाच हवं होतं. तिच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली. तिला सगळ्यांपासून चार हात दूर, दारापाशी बसवलं. तिची पाटी मी कडुनिंबाच्या पाण्यानं पुसायचो. आणि बाकीची पोरं शाळेत शिरली की दारातच तपासायचो. एकाच्या गालावर पुटकुळी दिसली, घरी पाठवला. (डास चावला होता.) दोघा भावांचे डोळे लाल दिसले, त्यांनाही घरी पाठवलं. (बापाबरोबर मिरच्या वाळत घालून आले होते.) एकाचं अंग गरम लागलं, त्याला तर मी छडीनं दूर सारत सारत रस्त्यापर्यंत नेला. (शाळा गाठायला धावत आला होता बिचारा!) चौथ्या दिवशी वर्गात सात पोरं उरली आणि शिकवायला मास्तर जिवंत राहील की नाही, याची मलाच खात्री वाटेना.

पाचव्या दिवशी टोचणारे साहेब आले. डोक्याला काळी टोपी, हातात पेटी, माणूस अगदी गोड.

“मास्तर, तुमची मुलगी टोचलेली आहे असं ऐकलं. फार छान! उद्या सकाळी आधी तुमच्या घरी येतो. तिच्या दंडावरचा वण सगळ्या गावाला दाखवू, म्हणजे लोकांची भीती जाईल.”

मी “हो हो, या ना,” म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी आलो आणि आधी सुभीची बाही वर करून पाहिली. कोऱ्या दंडावर वण आणू कुठून? चुन्यानं काढू की काजळानं? शेवटी परसात गेलो, कडुनिंबाचा एक चांगला भरघोस डहाळा तोडला आणि दारावर अडकवला. साहेब एक दिवस थांबणार, दार बघून परत फिरणार, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जाणार. झालं!

सुभीच्या आईनं डहाळा पाहिला आणि तिच्या हातातलं पीठच सांडलं.

“अहो, हाई काय करं तुम्ही! माय उनी नही आन् डहाळा लाया? मायनी टिंगल करी ऱ्हायनात का?”

“माय आली नाही, हे मलाही ठाऊक आहे. एकच दिवस गं!”

“आन् माय खरंच रागावनी तं?”

ते ऐकून मीही चरकलो, पण तोवर उशीर झाला होता. बाहेर सखूआजीनं डहाळा पाहिला होता!

ती ओट्यावर ठाण मांडून बसली आणि तिथूनच घराचा कारभार हातात घेतला. घरात फोडणी बंद. तेल बंद. मीठ-मिरची बंद. पायात वहाण नाही, घरधन्यानं दाढी करायची नाही. माय आतल्या अंधाऱ्या खोलीत राहील, तिला घरच्यांशिवाय कुणी बघायचं नाही. आणि माय जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. कारण आता ती सुभी नव्हती, साक्षात देवी होती.

हे शेवटचं कलम सुभीनं दाराच्या फटीतून ऐकलं. हाय रे दैवा!

“माले गूळ पाहिजे.” दिला. “माले आखो गूळ पाहिजे.” तोही दिला. मग देवीला वारा घालायला मी पाहिजे झालो. मग देवीला घोडा पाहिजे झाला, आणि तो घोडाही मीच! माझ्या पाठीवर बसून देवी आतल्या खोलीत चकरा मारत होती आणि बाहेर सखूआजी डोळे मिटून मायची गाणी म्हणत होती. गुडघे सोलून निघाले. जेवायला काय, तर बिनमिठाचा दहीभात! मिरचीच्या गावात राहून बिनमिरचीचं जेवण म्हणजे काय हाल, ते ज्यानं काढले त्यालाच ठाऊक. शेजारी वांगी भाजायचे, ठेचा कुटायचे, आणि तो खमंग वास थेट माझ्या दहीभातावर येऊन बसायचा. मला तर रडूच यायचं.

पण साहेब काही गाव सोडेनात! मास्तरच्याच घरी देवी निघाली म्हटल्यावर ते शाळेतच मुक्काम ठोकून बसले. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कडेला उभे राहून त्यांनी मला हाक मारली.

“मास्तर, टोचलेल्या मुलीला देवी येत नसते. नवापूरला कोणी टोचलं होतं हिला?”

“तो... तिचा मामा सांगेल.”

“मग मामाला पत्र घाला.”

मामाला पत्र घालणं परवडलं असतं. खरी आग लागली ती गावात. तिसऱ्या दिवशी विहिरीवर सखूआजीनं सगळ्या बायांना सांगितलं, “मास्तरनी पोर टोचेल व्हती ना? तरी माय उनीच. मंग टोचीसन काय फायदा? मी मन्हा नातूले टोचू देवाव नही.”

झालं! एकही आई पोर घेऊन येईना. साहेब शाळेत टोचणी घेऊन बसलेले आणि समोर मोकळी सतरंजी. काही जणांनी पोरं शेतात नेऊन लपवली. त्याच दिवशी धानोऱ्याहून आलेल्या माणसानं सांगितलं, तिथं दोन पोरं गेली. सखूआजीचा नातू माझ्याच शाळेत पहिलीत होता. मी गळ्यात कापूर बांधायला निघालो होतो तो माझ्या एका पोरीसाठी, आणि माझ्या थापेपायी गावची सगळी पोरं उघडी पडली होती. तेव्हा मला खरीखुरी लाज वाटली. खरं सांगून टाकावं म्हणून दोनदा ओट्यापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा “पाणी प्यायला आलो होतो,” म्हणून आत वळलो.

“आते काय करश्यात?” सुभीच्या आईनं विचारलं.

“बघतो,” म्हणालो. (आमच्या घरात ‘बघतो’ म्हणजे काहीच नाही.)

डहाळा लावल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी देवीला गुळाचा कंटाळा आला. घोड्याचाही आला. तेवढ्यात शाळेची घंटा वाजली. मी घरात अडकलो होतो, म्हणून साहेबच ती वाजवत असत, पोरं येतील या आशेनं. घंटा ऐकताच सुभी खोलीतून उठली आणि कुणी धरायच्या आत थेट ओट्यावर आली.

“माले शाळामा जावानं शे!”

सखूआजीनं दोन्ही हात जोडले. “माय जे मांगस ते देनंच पडस! चाला!”

“अहो आजी, ऐका तरी...”

“मास्तर, तू वारा घाल! मायले उन लागस!”

आणि निघाली मिरवणूक! पुढे सुभी. तिच्यामागे मी, अनवाणी, पाच दिवसांची दाढी वाढलेला, हातात कडुनिंबाचा डहाळा, वारा घालतोय. मागे सखूआजी गाणी म्हणतेय, बाया लांबून पाणी शिंपडतायत, आणि सगळ्यात शेवटी सुभीची आई पदरात तोंड खुपसून चाललीय. ती रडत होती की हसत होती, मला आजतागायत कळलेलं नाही.

शाळेत साहेबांनी सुभीचा चेहरा पाहिला. दोन्ही गाल पाहिले, हात पाहिले.

“हिच्या अंगावर एक फोड नाही!”

मला वाटलं, आता सुटलो, साहेबच काय ते सांगतील. पण सखूआजी अंगणात गरजली, “पाच रोजमा माय गयी! एक डाग नही! हाई निंबनी किमया! टोचानं काही कामच नही!”

बायांनी माना डोलावल्या. दोघी तर आपापली पोरं घेऊन वळल्यासुद्धा. आता गप्प राहिलो असतो तर माझा खोटा डहाळा गावात देव होऊन बसला असता आणि त्याखाली खरी पोरं गेली असती.

“थांबा!” मी ओरडलो. आवाज फाटला. “माय आलीच नव्हती! डहाळा मी लावला! सुभीला कधीच टोचलेलं नाही, मी भ्यालो होतो!”

सखूआजीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला ती लहानपणची कणगी आठवली.

“पाच रोज गानं म्हनाडं मन्हाकडथीन,” ती म्हणाली, “आन् तू आतमा घोडा व्हयेल व्हता?”

पाच दिवस मी तिला फुकट गाणी म्हणायला लावलं होतं, आणि घोड्याचंही सुभीनं वाटेत सांगून टाकलं होतं तर!

साहेबांनी पेटी उघडली. लहानशी गोल दातेरी टोचणी बाहेर आली. ती दंडावर ठेवायची आणि गोल फिरवायची. मी सुभीला पुढे केलं, पण ती जागची हलली नाही.

“आधी नानाले टोचा.” नाना म्हणजे मीच, तिचा बाप. “नाना, तुम्हीच म्हनेल ना, मुंगी चावस तसं?”

सुभीच्या आईनं पुढे येऊन माझी बाही स्वतःच्या हातानं वर सारली. मी लोकांकडे पाहून हसलो. टोचणी दंडाला लागली, आणि मग मला शाळेचं छप्पर दिसलं. त्याआधी कपाळाला स्टुलाचा कोपरा लागला असावा.

शुद्धीवर आलो तेव्हा सुभी मलाच डहाळ्यानं वारा घालत होती. तिच्या दंडावर टोचून झालं होतं. हूं की चूं केलं नव्हतं पोरीनं! आणि सगळं अंगण पोट धरून हसत होतं. सखूआजीनं डोळे पुसले, नातवाला पुढे ढकललं आणि म्हणाली, “मास्तर इतला भ्याड, तो जित्ता शे! मंग मन्हा नातूले काय व्हई? टोचा!” संध्याकाळपर्यंत शेतातलीसुद्धा सगळी पोरं टोचून झाली. सुभीला दोन दिवस ताप आला. मी दोन्ही दिवस तिच्या उशाशी बसून होतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिनं घोडा मागितला. मी लगेच झालो.

त्या वर्षी आमच्या गावात माय कुणाच्याच दारी आली नाही. माझ्या अंगावर मात्र दोन वण राहिले. दंडावरचा सदऱ्याखाली झाकतो, कपाळावरचा झाकायला टोपी पुढे ओढावी लागते.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळा तपासायला मोठे साहेब आले. पोरांचे दंड पाहून फार खूश झाले. मी आठवडाभर पोरांकडून उत्तर घोकून घेतलं होतं: टोचल्याने रोगापासून रक्षण होते. साहेबांनी विचारलं, “सांगा बरं बाळांनो, देवी टोचल्याने काय होते?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “गुरुजी पडतस!”

साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, दौतीत टाक बुडवला आणि शेऱ्याच्या वहीत लिहिलं: उत्तर बरोबर.