शिंप्याच्या घरची चादर

माझ्या थोरल्या नणंदेची, म्हणजे वन्संची, तीस वर्षं इस्पितळात चादरी धुण्यात गेली. कुठला डाग गार पाण्यानं जातो आणि कुठला उकळून, हे त्या लांबूनच सांगायच्या. सोबतच्या बायका त्यांना ‘कडक इस्त्री’ म्हणत, आणि बोलणंही तसंच. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या आणि आठवडाभरात माझे धुतलेले पडदे त्यांनी पुन्हा धुऊन काढले.

चर्चसमोरच्या इमारतीत एक शिंपी राहतो. तो आमच्या चर्चच्या मंडळीतला नव्हे. बायकोला पक्षाघात झालेला, अंथरुणाला खिळलेली. दिवसाला चार चादरी बदलाव्या लागत. मोरी सामाईक आणि वाळत घालायला फक्त जिना. शेजारी वासाला कंटाळले. शेवटी घरमालकांनी बजावलं, महिनाअखेर खोली सोडा. हे घरमालक आमच्याच चर्चचे ज्येष्ठ पंच. लिहिताना लाज वाटते, पण माझ्या रोजच्या वहीत खोटं कशाला लिहू?

वन्सं थेट पंचांच्या बैठकीत जाऊन उभ्या राहिल्या.

“चर्चमागची खोली मला द्या. प्रभुभोजनाच्या मेजावरची वस्त्रं तिथं धुतेच आहे, गल्लीतल्या आजाऱ्यांच्या चादरीही धुईन.”

“बाई, हे प्रभूचं घर आहे,” घरमालक म्हणाले. “उपासनेत वास येईल.”

“प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा नाकाला रुमाल लावला होता का?”

अध्यक्षस्थानी बसलेल्या पाळकसाहेबांनी हसू दाबलं. “महिनाभर करून बघू.”

मग काय, वन्संनी पदर खोचला. पातेली चढली, सोडा आला, मंडळीतल्या चार बायका आल्या. अदलाबदल नको म्हणून शिंप्यानं आपल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका घातला. पंधरा दिवसांत जिन्यातला वास गेला. पण घरमालक बघायलाही फिरकले नाहीत. त्यांचं एकच पालुपद : महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी होता. आदल्या दिवशी मेज मांडायची पाळी माझी होती. चर्चमागच्या खोलीतल्या इस्त्री केलेल्या पांढऱ्या घड्यांतली वरची उचलली आणि अंथरली. उपासना छान झाली. आशीर्वादानंतर घरमालक मेजापाशी येऊन कापडावरून हात फिरवत म्हणाले, “वा! वस्त्र असावं तर असं. नवं घेतलं का?”

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी कोपरा पाहिला. निळा टाका!

“वन्सं, चुकलं हो माझं,” मी पुटपुटले.

“चुकलं कसलं?” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “काका, ही शिंप्याच्या बायकोची चादर. दोन तास तुम्ही पहिल्या बाकावर होतात. आला वास?”

घरमालकांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी प्याला आणि ताट हळूच बाजूला सरकवलं, चादरीची स्वतःच्या हातानं घडी घातली आणि ती छातीशी धरून रस्ता ओलांडून गेले. आम्ही सगळे चर्चच्या पायऱ्यांवर उभे. पाळकसाहेबसुद्धा झगा न उतरवता.

अर्ध्या तासानं ते खाली आले. काखेत मळक्या चादरींचं गाठोडं, मागे शिंपी डोळे पुसत.

“तिनं उठायचा प्रयत्न केला हो, मला बघून,” एवढंच आधी त्यांना बोलता आलं. मग म्हणाले, “खोली त्यांचीच. कुणी कुठं जात नाही.”

पायऱ्यांवर अशा टाळ्या पडल्या, की नाताळलाही कधी पडल्या नव्हत्या. माझ्या तोंडून स्तोत्र कधी सुरू झालं, मलाच कळलं नाही.

घरमालक गाठोडं घेऊन तसेच उभे. “बाई, हे कुठं ठेवू?”

“ठेवू काय? कोट काढा, बाह्या वर करा आणि चला आत,” वन्सं म्हणाल्या.

आणि ते आत गेले.