वॉल्टरचं वय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, वैजूलाही नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट – बरं, दोन असतील, पण दुसरी किरकोळ आहे.

इथे कॅनडात, केंब्रिजच्या कार प्लँटमधून रिटायर झालो आणि एका अमेरिकन मालिकेत मला छोटंसं काम मिळालं. आमच्याच डाउनटाउनमध्ये शूटिंग होतं, हॉटेलचा भारतीय मॅनेजर हवा होता. वाक्यं चार. समोर वॉल्टर – अमेरिकेतला जुना चरित्र अभिनेता. आयुष्यभर शेरीफ, न्यायाधीश, कुणाचा तरी सासरा. चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव कुणालाच नाही. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

"लाइन्स प्रॅक्टिस केल्यास का? तिथे मी नसेन हं," वैजू निघताना म्हणाली होती. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी कधी धड पाठांतर केलंच नाही – विंगेत प्रत घेऊन ती उभी असायची ना! कॅमेरा सुरू झाला, वाक्य डोक्यातून गेलं, आणि सवयीने माझे डोळे उजवीकडे वळले. तिथे नुसता एक दिवा होता.

कॅमेरा माझ्या पाठीमागे, वॉल्टरच्या चेहऱ्यावर. माझी तंतरली आहे हे फक्त त्यालाच दिसलं. तो आपल्याच वाक्यात मुद्दाम अडखळला. "सॉरी, माझं चुकलं," असं दिग्दर्शकाला म्हणाला आणि काउंटरवर वाकून माझं वाक्य माझ्या कानात सांगितलं. एकदा नाही – तीनदा. चौथ्यांदा मला जमलं. कोण करतं हो असं, अनोळखी माणसासाठी?

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकाच्या असिस्टंटने मला बाजूला घेतलं. वॉल्टर लाइन्स विसरायला लागलाय का? – एवढंच विचारलं. खरं सांगायला काय लागत होतं? आणि मी – मी म्हणालो, "वय झालंय बिचाऱ्याचं."

त्याचे पुढचे दोन एपिसोड दुसऱ्याला गेले. मला मात्र कामं मिळत राहिली – डॉक्टर, दुकानदार, टॅक्सीवाला. मंडळाने सत्कार केला तेव्हा तर मी हा किस्सा उलटा करून सांगितला. म्हातारा अडकला, मी सावरून घेतलं म्हणे! टाळ्या पडल्या. वैजूने डोळे पुसले.

नोकरीत कधी मिळाला नाही इतका आनंद मला या कामांनी दिला, आणि तो सगळा त्या माणसामुळे आहे. प्रत्येक शॉटआधी मनात त्याला नमस्कार करतो. खरंच करतो.

एकदा एजंटमार्फत त्याचं कार्ड आलं. तू टीव्हीवर दिसलास, फार बरं वाटलं, असं लिहिलं होतं. मला हल्ली कुणी बोलावत नाही, का ते कळत नाही, असंही. मला कळत होतं. मी उत्तरात फक्त 'थँक यू' लिहिलं.