पान एकशे अठ्ठेचाळीस, बबीना

झाशीच्या आमच्या रेल्वे कॉलनीत किस्से फार साठतात. बदली झालेला माणूस खाट नेतो, पेट्या नेतो, कुंडीतली तुळससुद्धा नेतो, पण त्याचा किस्सा क्वार्टरमध्येच राहतो आणि पुढच्या बिऱ्हाडाच्या तोंडून ऐकू येतो. आमच्या पुस्तकमंडळाचे किस्से तर इतके झालेत, की कुठून धरावं कळत नाही. मी बोलायला कच्चा आहे. शाळाही सातवीतच सुटली. म्हणून लिहूनच सांगतो.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. दर रविवारी दुपारी गार्ड विष्णुपंत आगट्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी पडायची. हेडक्लार्क नाना दाते, मानिक चौकातले कापडवाले खेरजी, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातला, कॅरेज शॉपमधला फिटर म्हणजे मी, आणि आणखी दोघं-तिघं. प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. आवडलं तर का आवडलं, नाही तर का नाही. पुस्तकं पुण्या-मुंबईहून कुणाच्या तरी हाती यायची आणि फिरत राहायची.

*

पुस्तकात खुणा करायची पद्धत विष्णुपंतांची. ते मालगाडीचे गार्ड. चालत्या गाडीत पुस्तक उघडायचं नाही हा त्यांचा नेम. गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहिली की शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, चार पानं वाचायची, आणि सिग्नल पडला की जिथे थांबले तिथे समासात पेन्सिलीनं स्टेशन आणि वेळ टाकायची. ‘खजराहा, २.१०.’ पेन्सिल इतकी दाबून धरायचे, की मागच्या पानावर बोटाला खूण लागायची.

हळूहळू सगळेच तसं करायला लागले. नाना लिहायचे, ‘ऑफिस, साहेब दौऱ्यावर.’ खेरजींचं घराणं मराठी, पण पाच पिढ्या झाशीत गेलेल्या. त्यांच्या एका पुस्तकात लिहिलेलं सापडलं, ‘दुकान, गिऱ्हाईक आ गया.’ ती खूण सलग चाळीस दिवस त्याच पानावर होती.

नाना म्हणाले, “खेरजी, एवढं कसलं गिऱ्हाईक?”

“बहू का मायका आया है, नाना. अख्खं माहेर. अजून गेलं नाही.”

*

एकदा नानांचं एक प्रवासवर्णन पॅसेंजर गाडीत विसरून राहिलं. गेलं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. सात-आठ महिन्यांनी एका रविवारी व्हरांड्यात येऊन पाहतो तर ते पुस्तक खिडकीच्या दगडी पट्टीवर ठेवलेलं. आत नानांच्या खुणेच्या पुढे खुणाच खुणा. ‘इटारसी.’ ‘खंडवा.’ ‘भुसावळ.’ मग उलट, ‘खंडवा’, ‘इटारसी’, ‘बीना.’ चार-पाच निरनिराळी अक्षरं, एकही ओळखीचं नाही. शेवटच्या पानावर ‘झाशी.’ कुणी आणून ठेवलं ते आजवर कळलेलं नाही. विष्णुपंतांना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

“घरचा पत्ता लिहिला होता ना आत? मग येणारच.”

नाना म्हणाले, “पत्ता नव्हता लिहिला.”

“खुणा तर होत्या,” विष्णुपंत म्हणाले.

*

माझी पहिली पाळी आली तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि मी सतरंजीकडे. दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी विष्णुपंत म्हणाले, “सदाशिव, मत नको सांगू. फक्त कुठवर आलास ते सांग.”

“पान बासष्ट. कॅरेज शॉप, जेवणाची सुट्टी.”

तेवढ्यात आतून दाराआडून पंतांच्या पत्नी सुशीलावहिनींनी विचारलं, “मग लल्ला, गोष्टीतल्या त्या मुलीचं पुढे काय होईल असं वाटतं तुम्हाला?” इकडे धाकट्याला लल्ला म्हणतात. वहिनी गुरसरायच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात इकडचं-तिकडचं मिसळलेलं. त्या दाराआड होत्या म्हणून असेल, मी अर्धा तास बोललो.

*

वहिनींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिवा आणि सावली एवढंच दिसायचं. विष्णुपंत ड्यूटीवर जेवढं वाचत, तेवढंच घरी येऊन त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. खुणेच्या पुढे एक ओळ नाही. वहिनी खुणेवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, “इथवर आलात तर.” कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही, असं त्या दोघांचं ठरलेलं होतं.

एकदा ललितपूरला गाडी फार वेळ अडकली आणि पंत मोहात पडून आठ पानं जास्त वाचून बसले. खूण मात्र मागच्याच पानावर केली. घरी येऊन वाचायला लागले, तर दुसऱ्याच परिच्छेदाला वहिनींनी हात वर केला.

“तो थोरला भाऊ मरतो ना पुढे?”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्या आवाजानं. त्याचं नाव आलं की हळू वाचताय.”

पंत आम्हाला सांगत होते, “त्या दिवशी मला भाजीत मीठ नव्हतं.”

*

विष्णुपंत गेले ते ड्यूटीवरच. बबीना सोडल्यावर गाडी तालबेहटला थांबली तेव्हा मागून झेंडी हलेना. ड्रायव्हर चालत मागे गेला, तर पंत आपल्या जागेवर बसलेले, चष्मा डोळ्यांवर तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

दोन दिवसांनी त्यांची लाइनपेटी घरी आली. दिवे, झेंड्या ऑफिसनं काढून घेतल्या होत्या. आत टॉवेल, पितळी चाकू आणि पुस्तक राहिलं होतं. कादंबरी कोरी होती, घर सोडावं की नाही या पेचातल्या एका मुलीची, नानांच्या मेव्हण्यानं पुण्याहून आणलेली. पानं एकमेकांना जोडलेली. वाचत जायचं तसं चाकूनं कापत जायचं, अशी. पंतांनी एकशे साठपर्यंतची पानं कापली होती. शेवटची खूण होती पान एकशे अठ्ठेचाळीसवर, ‘बबीना, १०.४०.’

*

मग खरी अडचण आली. क्वार्टर तीन महिन्यांच्या आत सोडायचं होतं. नव्या गार्डाची बायकामुलं शेजाऱ्यांच्या पडवीत सामान टाकून बसलेली. वहिनींचे भाऊ गुरसरायहून न्यायला आले, एकदा नाही, दोनदा. वहिनी म्हणाल्या, “पुस्तक पुरं झालं की येते.”

भाऊ म्हणाले, “अक्का, कोई भी पढ़ देगा. या सदाशिवला सांग.”

मी गेलो. वहिनींनी पुस्तक हातात दिलं आणि विचारलं, “कुठवर आलेत?”

“बबीना.”

“तिथवरचं पेटी आली त्या दिवशी नानांकडून ऐकलंय मी. पुढची खूण?”

“नाही वहिनी.”

“मग नका वाचू. त्यांना मागे टाकून कशी जाऊ?”

चार रविवार असंच झालं. मी पुस्तक उघडायचो, त्या विचारायच्या, आणि मी पुस्तक मिटायचो. भाऊ व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. शेजारच्या पडवीतलं मूल तापानं फणफणलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की वहिनींनी निघावं, आणि त्यांना ओढून नेणं कुणालाच जमत नव्हतं.

शेवटी नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, “खूण नाही, तर कर.”

“खोटी?”

“दाबून कर. त्या बोटानं बघतात.”

त्या आत चहा करत होत्या तेव्हा मी पान एकशे चोपन्नवर ‘बसई’ लिहिलं आणि एकशे साठवर ‘तालबेहट.’  वहिनींनी बाहेर येऊन बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

“थकलेत,” त्या म्हणाल्या. “अक्षर लटपटतंय. वाचा लल्ला.”

मी बारा पानं वाचली. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि त्या दिवशी वहिनी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

*

पुढची पानं जोडलेली होती. पुढल्या रविवारी वहिनी आत गेल्याबरोबर मी पंतांचा चाकू घेतला, पहिली घडी कापली आणि पेन्सिल काढली. ‘ललितपूर’ लिहायचं ठरवून आलो होतो.

पान एकशे त्रेसष्टवर ते आधीच लिहिलेलं होतं. ‘ललितपूर, १२.२५.’ दाबून, सरळ.

घडी माझ्या हातानं कापलेली. कापलेल्या कडांचे तंतू माझ्या पायजम्यावर पडलेले. आतल्या पानाला त्याआधी हवासुद्धा लागलेली नसणार.

वहिनी चहा घेऊन आल्या, खाली बसल्या, खुणेवर बोट ठेवलं. या वेळी फिरवलंसुद्धा नाही.

“हे नीट लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “मागचं त्यांचं नव्हतं, होय ना?”

मी पायजम्यावरचे तंतू झटकले.

“असू दे. वाचा.”

*

नानांना सांगितलं. ते म्हणाले, “घाबरून तूच लिहिलंस आणि विसरलास.” माझं अक्षर मला ओळखू येतं, एवढंच मी म्हणालो. खेरजींना सांगितलं तर त्यांनी कानाला हात लावले.

“भैया, मी मंडळाला येईन, पण आगट्यांकडे नाही. तुम्हारे हाथ जोड़ता हूँ.”

“अहो, पंत होते ते. तुमचे मित्र.”

“होते तोवर होते ना.”

नाना स्वतः आले मग. पुस्तक माझ्याकडून घेऊन त्यांनी पुढची घडी उजेडात धरली, खालच्या बाजूनं आत डोकावून पाहिलं. म्हणाले, “कोरं आहे.” मग स्वतःच्या हातानं कापली. पान एकशे पंचाहत्तर. ‘तालबेहट, २.५०.’

नाना चष्मा काढून पुसत बसले. मी वहिनींना सांगितलं. त्यांच्या तोंडावर हसू आलं.

“म्हणजे गाडी फिरली. त्यांची ड्यूटी ललितपूरपर्यंतच असते. आता येतील परत.”

त्या दिवसापासून नानाही आले नाहीत.

*

मी गेलो. का गेलो विचाराल तर सांगता येणार नाही. वहिनी एकट्या होत्या, आणि मी एकदा खोटी खूण केली होती.

पुढच्या रविवारी ‘बबीना.’ तेव्हा अंगणात पंतांचं धोतर धुऊन वाळत घातलेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी ‘बिजौली.’ तेव्हा कोनाड्यातलं घड्याळ चालू होतं, जे पंत गेल्यापासून बंद होतं. वहिनींना मी विचारलं, “किल्ली तुम्ही दिलीत?” त्या म्हणाल्या, “मला कुठे दिसतंय?”

बिजौलीच्या पुढचं स्टेशन झाशी.  वहिनींनी मला दोनदा लाडू वाढला.

*

शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी क्वार्टर रिकामं करायचंच होतं. भाऊ मोटारीची व्यवस्था करायला गावात गेले होते. मी दुपारी पोचलो. एक घडी कापली, वाचलं. दुसरी कापली. पान दोनशेच्या समासात लिहिलं होतं, ‘झाशी यार्ड, ४.४०.’

पुढे आठ पानं उरली होती. मी चाकू उचलला.

“राहू दे, लल्ला,” वहिनी म्हणाल्या. “किती वाजले?”

मी कोनाड्याकडे पाहिलं. चार चाळीस.

वहिनी उठल्या. चुलीवर पाण्याचं भांडं ठेवलं, दाराशी पाट मांडला, पाटाजवळ टॉवेल ठेवला. अंधूक डोळ्यांनी, पण कुठेही चाचपडल्या नाहीत.

“यार्डातून ऑफिसात जायचं, सही करायची, पेटी ठेवायची. वीस मिनिटं लागतात त्यांना. तुम्ही निघा आता. उरलेलं आमचं आम्ही वाचू.”

मी निघालो. पळालो म्हटलं तरी चालेल.

सोमवारी सकाळी मोटारस्टँडवर सगळे जमलो होतो. नानाही आले, खेरजीसुद्धा लांब उभे होते. वहिनी हसतमुख होत्या. भाऊ मला हळूच म्हणाले, “सुबह खुद ही बोलीं, चलो. काय केलंस बाबा तू?”

नानांनी भीत भीत विचारलं, “वहिनी, पुस्तक झालं पुरं?”

“झालं की. काल संध्याकाळी. ती मुलगी घर सोडत नाही हो, नाना. सगळे म्हणतात जा, ती विहिरीवरचा रहाट दुरुस्त करून घेते आणि तिथेच राहते. मला वाटलं होतं जाईल. हे म्हणाले, बघ, मी सांगत नव्हतो?”

मोटार सुरू झाली. खिडकीतून हात बाहेर काढून वहिनींनी पुस्तक माझ्याकडे दिलं. “मंडळात ठेवा. छान आहे.”

मोटार वळणाआड गेल्यावर मी ते उघडलं. शेवटची आठ पानं जोडलेलीच होती. नानांनी खिशातून चाकू काढून माझ्यासमोर धरला. मी तिथेच, रस्त्यात उभ्यानं, घडी कापली आणि शेवटचं पान वाचलं.

मुलगी रहाट दुरुस्त करून घेत होती.