न वाजवता आणलेलं मडकं

कोऱ्या मडक्यात पाणी ओतलं की जो वास येतो, त्याने मला धारूरचा बाजार आठवतो. निजामाचं राज्य होतं आणि घरी दारू गाळणाऱ्याला तुरुंगात टाकत. तरी आत्याच्या लग्नात व्याह्यांना घरचीच हवी होती, म्हणून आई आणि आजोबा पहिल्यांदाच तसलं सामान घ्यायला निघाले. मलाही नेलं. आजोबा नळीसाठी बांबू बघायला गेले. मोहाची फुलं आंबवायला मडकं हवं होतं, ते आई एकेक करून बोटांनी वाजवून बघत होती. चौथं खणखणीत वाजलं, तोच मागून आबकारीचा शिपाई म्हणाला, "ए बाई, मडकं कशाला घ्यायलीस?" आईच्या तोंडून निघालं, "सासरा गेला, साहेब." "मग मयताचं मडकं कोन वाजवून घेतंय?" आईचा हात मडक्यावरच राहिला. तेवढ्यात बांबू खांद्यावर घेऊन आजोबाच आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "म्हातारं लई खोडीचं व्हतं, साहेब. गळकं मडकं दिलं तर उठून बसंल. ह्यो बांबू बी त्याच्याच तिरडीचा हाय." शिपाई दोन पावलं मागे सरला आणि निघून गेला. लग्नात सगळ्यांत जास्त आजोबाच प्याले. पुढे ते खरंच गेले, तेव्हा रीतीप्रमाणे मडकं न वाजवता आणलं, आणि ते वाटेतच गळायला लागलं. माझ्या वेळी वाजवून आणा, असं मी मुलांना सांगून ठेवलंय.