चतुर्दशीचा म्हाळ

मी शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या वर्गाला दरवर्षी सुरुवातीलाच सांगते, की एखादं साधन हाती आलं म्हणून लगेच त्यावर विश्वास ठेवायचा नाही. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं, हे आधी विचारायचं. पोरं माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. माझ्या आजोबांच्या मृत्यूचा शोध घ्यायला निघाले तेव्हा यातलं एकही मी विचारलं नाही. जवळजवळ वर्षभर मी भलत्याच महिन्यात हिंडत होते.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. कुर्ल्याच्या एका गिरणीत कामाला होते आणि गावच्या दहा-बारा जणांबरोबर एका खोलीत राहायचे. आजी आणि बाबा कुडाळजवळच्या गावी. बाबा सहा वर्षांचे असताना आजोबा मुलुंडला मोटारीखाली सापडून गेले. तेव्हाच्या आग्रा रोडवर, चेकनाक्याच्या अलीकडे. ते मुलुंडला कशाला गेले होते, मोटार कोणाची होती, ती थांबली का, यातलं काही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आजी या विषयावर तोंड उघडायची नाही, आणि आता तिला जाऊनही तीस वर्षं होत आली. मागे राहिला तो भिंतीवरचा एक फोटो. त्याच्या पाठीवर कोणीतरी पेन्सिलीने साल लिहून ठेवलं होतं, फक्त साल.

आणि आम्ही राहतो मुलुंडलाच. बाबांना नोकरी लागल्यावर त्यांनी घर घेतलं ते नेमकं इथे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, स्टेशन जवळ आहे. आग्रा रोडचं नाव केव्हाच बदललं, पण बाबांच्या तोंडी अजून आग्रा रोडच आहे. रिक्षा चेकनाक्याच्या दिशेला वळली की ते बोलता बोलता गप्प होतात. लहानपणी मला वाटायचं, धुरामुळे.

दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आदल्या दुपारी मी त्यांच्या कॉटशेजारी बसून सफरचंद कापत होते, आणि त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. गणपतीला आजोबा गावी आले होते. परत निघायच्या दिवशी बाबांनी हट्ट धरला, मलाही मुंबईला ने. पुढच्या वर्षी नेतो, असं आजोबा हसत म्हणाले. बाबांना त्या हसण्याचाच राग आला, आणि ते गोठ्याच्या माळ्यावर गवतात जाऊन लपले. आजोबा वळकटी खांद्याला लावून अंगणात उभे राहिले आणि हाका मारू लागले. गाडी चुकेल म्हणून आजी घाई करत होती. बाबांना फळ्यांच्या फटीतून आजोबांची पाठ दिसत होती. पाच-सहा हाका झाल्या, मग ती पाठ चालू लागली. बाबा खाली उतरले नाहीत. त्यानंतर वीस-एकवीस दिवसांनी, पितृपक्षातल्या चतुर्दशीला, आजोबा गेले.

"माझ्यावर रागावून गेले असतील का गं ते?" बाबांनी विचारलं.

त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, हातात सलाइनची सुई, आणि सदुसष्ट वर्षं हे पोटात ठेवलेलं. आईलाही कधी सांगितलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, मी शोधते. काय शोधणार होते देव जाणे. त्या वीस दिवसांत आजोबा खोलीतल्या कोणाशी मुलाबद्दल बोलले असतील, जाताना शुद्धीवर असतील, कोणीतरी कुठेतरी काही लिहिलं असेल. ते रागावले नव्हते एवढं सांगणारा एखादा कागद मला हवा होता. बाबा सुखरूप घरी आले आणि मी कामाला लागले.

आमच्यात दर वर्षी वेगळं श्राद्ध घालत नाहीत. पितृपक्षात एकदा म्हाळ घालतात तेवढंच. भटजींना शिधा, गच्चीवर कावळ्याला पान आणि घरच्यांचं जेवण. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ, हे मी जन्मापासून ऐकलेलं. आजोबांचा म्हाळ चतुर्दशीला असतो. त्यात बाबांनी सांगितलेले गणपतीनंतरचे वीस-एकवीस दिवस धरले, म्हणजे आजोबा गेले भाद्रपद वद्य चतुर्दशीला. फोटोच्या पाठीवरचं साल घेतलं, एका ग्रंथालयात त्या सालचं पंचांग मिळवलं आणि इंग्रजी तारीख काढली. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. नवरा म्हणाला, एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर डॉक्टर झाली असतीस.

त्या तारखेचा अर्ज घेऊन मी पालिकेच्या विभाग कार्यालयात गेले. महिन्याभराने उत्तर आलं, नोंद आढळून येत नाही. तारीख एखाद्या दिवसाने चुकली असेल म्हणून पुढच्या-मागच्या आठवड्याचा अर्ज केला. पुन्हा तेच. पोलीस ठाण्यात एका भल्या हवालदारांनी चहा पाजला आणि इतकं जुनं काही उरलेलं नसतं असं समजावून सांगितलं. मग जुनी वर्तमानपत्रं. दर शनिवारी शाळा सुटली की ग्रंथालयात जायचं, पिवळ्या पानांचे जाडजूड गठ्ठे उघडायचे आणि त्या सप्टेंबर-ऑक्टोबरातला एकेक दिवस वाचून काढायचा. एक टॅक्सी बैलगाडीवर आदळल्याची बातमी होती. आग्रा रोडवरच्या खड्ड्यांबद्दल एका वाचकाची तक्रार होती. गिरणी कामगार मोटारीखाली मेल्याची बातमी नव्हती. त्यांच्यासाठी चार ओळीही कोणी छापू नयेत याचा मला संताप यायचा, आणि पुढच्या शनिवारी मी पुन्हा तिथेच जाऊन बसायचे.

खरं सांगायचं तर एव्हाना मी बाबांसाठी शोधत होते तितकीच माझ्यासाठी. मला आजोबा हवे होते. बाकीच्या पोरींना आजोबा होते, त्यांच्या मांडीवर बसून त्या चहात बुडवून बिस्किटं खायच्या. माझ्याकडे फ्रेममधला एक तरणाबांड माणूस होता, जो आता माझ्याहून लहान होता. गर्दीत कोणाची पाठ जरा तशी दिसली, म्हणजे मी मनाशी ठरवली होती तशी, की माझी नजर मागे मागे जायची.

गेल्या पितृपक्षात म्हाळाला नेहमीचे भटजी आले. बाबा पान घेऊन गच्चीवर गेले होते आणि कावळ्याची वाट बघत होते. आमच्या इमारतीवर कावळे कमी, कबुतरं जास्त, त्यामुळे त्याला वेळ लागतो. भटजी चहा पीत होते तेवढ्यात मी माझं पंचांगाचं गणित त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, तारीख बरोबर काढली आहे ना, एकदा बघता का. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"अहो, अपघातात गेलेल्यांचं चतुर्दशीलाच करतात," ते म्हणाले. "गेले कधी का असेनात."

मी कागदाची घडी केली. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की ज्याला अवचित, अपघाताने मरण आलं त्याच्यासाठी पितृपक्षात ही एक तिथी राखून ठेवलेली असते. आपल्या मरणाची तिथी त्याच्या वाट्याला येत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, असंही वर म्हणाले. आम्हाला माहीत नव्हतं. आजीला माहीत असेल, पण तिने बाबांना एवढंच सांगितलं की चतुर्दशीला घालायचा, आणि बाबांनी सगळा जन्म तो घातला. मी तर इतिहासाची बाई. वर्षभरात एकदाही कोणाला विचारलं नाही, की चतुर्दशीच का.

बाबा खाली आले, कावळा शिवला म्हणाले. मी त्यांना काही सांगितलं नाही. आधी खात्री करायची होती.

विभाग कार्यालयात या वेळी अर्ज केला तो पूर्ण सालासाठी. तिथल्या एक बाई निवृत्तीला आल्या होत्या आणि माझ्या वर्षभराच्या खेपांमुळे मला ओळखायला लागल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हणाल्या. मी गेले तेव्हा रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलेलं होतं आणि त्यांनी बोट ओळीवर धरलं होतं. नाव आजोबांचंच. पुरुष, वय बत्तीस, धंदा गिरणी कामगार. ठिकाण आग्रा रोड. कारण मोटार अपघात, जागीच मृत्यू. खबर देणाऱ्याच्या रकान्यात गावच्याच एका माणसाचं नाव होतं, बहुधा खोलीतला सोबती. महिना मे. ती निळ्या शाईतली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. त्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

मे महिना. म्हणजे ज्या गणपतीत बाबा माळ्यावर लपले तो आदल्या वर्षीचा. त्यानंतर आजोबा चांगले आठ महिने जगले. पुढच्या गणपतीला ते आले नाहीत, पाठोपाठ पितृपक्ष आला, घरात रडारड झाली असेल, आणि सहा वर्षांच्या पोराने दोन वर्षांचे गणपती एकत्र करून टाकले असतील. असं मला वाटतं, दुसरं कारण सापडत नाही. पण त्या आठ महिन्यांत आजोबा गावी आले होते का? मध्ये शिमगा येतो. गिरणीत रजा मिळाली तर शिमग्याला माणूस गावी जातो, नाही मिळाली तर खोलीतच ढोल बडवतो. विचारण्यासारखं एकच माणूस उरलं होतं, गावची चुलत आत्या, बाबांची ताई. तिला ऐंशी उलटली आहेत, पण पन्नास वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते सगळं तिला पाठ आहे. मी तिला फोन लावला.

"शिमग्याक? इल्लो तर काको," ती म्हणाली. "तुज्या बापाशीक खांद्यार घेवन रोंबाट बघूक गेल्लो. मी होतंय ना वांगडाच."

रोंबाट म्हणजे शिमग्यातली सोंगं, ढोल-ताशांच्या मागून नाचत जाणारी मिरवणूक, आणि आत्या त्या दिवशी त्यांच्या सोबतच होती. मी फोन ठेवला आणि शाळेच्या जिन्यात बसून रडले. इतका आनंद मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा झाल्याचं आठवत नाही. बाबा सुटले होते. रागावलेला माणूस पोराला खांद्यावर बसवून सोंगं दाखवायला नेत नाही.

त्या दुपारी घरी येऊन मी रजिस्टरच्या नोंदीची झेरॉक्स बाबांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. चतुर्दशीचं सांगितलं, मे महिन्याचं सांगितलं, मग शिमग्याचं. बाबांनी चष्मा लावून ती ओळ दोन-तीनदा वाचली. "बत्तीस," एवढंच म्हणाले. मग शिमग्याबद्दल विचारत राहिले. दिवस होता की संध्याकाळ, धोतर नेसले होते की पँट, खांद्यावर घेतलं ते घरापासूनच की गर्दीत शिरल्यावर. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, मन हलकं होत असेल. मी आनंदाने चहा टाकला.

पण पुढचे काही दिवस त्यांचं कशात लक्ष नव्हतं. जेवताना घास हातात तसाच राहायचा. चौथ्या दिवशी मी जरा चिडूनच विचारलं, की आता कशाचं वाईट वाटतंय.

"माळ्यावर लपलो होतो ते मला दिसतं गं," ते म्हणाले. "फळीतली फट दिसते, त्यांची पाठ दिसते, हाक ऐकू येते. तेवढेच होते ते माझ्याकडे. हे खांद्यावरचं सगळं ताईचं आहे. मी त्यांना शेवटचं पाहिलं, आणि मला ते आठवतच नाही."

वर्षभर खपून मी बाबांना निर्दोष सोडवलं होतं, आणि त्यांच्याजवळ वडिलांना शेवटचं बघितल्याची एकच आठवण होती, तीही शेवटची राहिली नव्हती. मला माझा राग आला, त्या रजिस्टरचा आला, आणि बाबांचाही आला, की मिळालं तेवढ्यात का समाधान मानत नाहीत. पण मी तरी कुठे मानत होते? मलाही तो शिमगा बघायचा होता.

आठवड्याभराने मी शाळेतून आले तेव्हा बाबा दारातच उभे होते. बहुतेक दिवसभर धीर गोळा करत असावेत. म्हणाले, ताईला फोन लाव, मला तिचं नीट ऐकू येत नाही, तूच विचार. काय विचारू, म्हटलं.

"मी हसत होतो का, एवढं विचार."

फोनला रेंज मिळत नाही असं सांगून मी स्वयंपाकघराच्या बाल्कनीत गेले. आत्याला विचारलं. ती पलीकडे माझी कीव आल्यासारखी हसली.

"अगो बाये, मी रोंबाट बघू काय तुज्या बापाशीचा तोंड बघू?"

मी फोन बंद केला आणि नळाखाली हात धुतले. बाहेर आले तर बाबा खुर्चीत ताठ बसून माझ्याकडे बघत होते.

"हसत होतात," मी सांगितलं. "खूप हसत होतात."