ताई नाही ती

गतिमंद प्रौढांच्या त्या वसतिगृहात दादा-ताईचा नियम सगळ्यांना सांभाळणाऱ्या मावशींनीच घातला होता. सगळे पुरुष दादा, सगळ्या बायका ताई. एकदा बहीणभाऊ करून टाकले की डोक्याला ताप नाही! तिथल्या मिशाळू दादाची दाढी रोज सकाळी मावशीच करायच्या आणि वर म्हणायच्या, "माझं बाळ गं ते!" बाळाने चाळिशी कधीच ओलांडली होती.

त्या दुपारी जेवताना मिशाळूने शेजारच्या वेणीवालीचा हात धरला. मावशी धावल्या.

"सोड आधी! ताई आहे ना ती तुझी?"

"ताई नाही."

"मग काय बायको का रे, दीडशहाण्या?" स्वयंपाकीणबाई फिदीफिदी हसली.

मिशाळू लाजला. हात मात्र त्याने सोडला नाही. वेणीवालीकडे वळून तो हळूच म्हणाला, "अगं, पाणी हवंय?"

"हवंय की," ती म्हणाली.

मावशींचा उगारलेला हात तसाच राहिला. नवरा गेल्यापासून त्यांना तसं 'अगं' कुणी म्हटलं नव्हतं. इथे त्या सगळ्यांच्या मावशी, आणि घरी दाराला कुलूप.

"उठवा ना त्याला," स्वयंपाकीण म्हणाली.

"बसू दे." मावशींनी पाण्याचा जग दोघांपुढे सरकवला आणि आपलं ताट घेऊन त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एकट्याच जाऊन बसल्या.